ग्वानयिनची बोटं

माझ्याकडे पहिली ग्वानयिन आली ती एका दाताच्या डॉक्टरांच्या ओळखीने. तेव्हा मी दात करायचे. गिरगावातल्या एका डेंटल लॅबमध्ये १९८७पासून कामाला होते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे, सोबत चिठ्ठी असायची, ‘वरचा पुढचा डावा, शेड ए-टू’, आणि आम्ही पोर्सेलिनची कॅप करून द्यायचो. ब्रशच्या टोकावर ओली पावडर घ्यायची, थर चढवायचा, टिपकागदाने पाणी ओढून घ्यायचं आणि मिठाईच्या खोक्याएवढ्या भट्टीत भाजायचं. भाजताना पोर्सेलिन आकसतं. म्हणून दात आधी मोठा करायचा, राक्षसाला शोभेल असा. भट्टीतून तो माणसाचा होऊन बाहेर यायचा. किती मोठा केला की किती उरतो, हे बोटांना कळायला मला दोन वर्षं लागली.

१९९६च्या पावसाळ्यात ताडदेवच्या एका पारशी वसाहतीत राहणाऱ्या बाई आमच्या लॅबचे तीन जिने चढून आल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे, हातात कापडी पिशवी, पिशवीत टॉवेल आणि टॉवेलात ती, पोर्सेलिनची चिनी देवी. जेमतेम फूटभर उंच, बसलेली, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र, डोळे अर्धवट मिटलेले. उजवा हात गुडघ्यावर टेकवलेला आणि त्या हाताची तर्जनी पेरापासून नाहीशी. पोरीने शोकेस पुसताना धक्का लागला म्हणे. तुटलेला तुकडा केरात गेला असणार, कारण घर पालथं घालूनही सापडला नव्हता.

“डीकरी, तू दात बनवते ना? मग एक बोट नाही बनवणार?”

त्यांच्या पणजोबांचा कँटनशी व्यापार होता. कापूस घेऊन जहाज जायचं, असं त्या सांगायच्या. कापसाबरोबर आणखी काय जायचं ते त्या सांगत नसत आणि मीही कधी विचारलं नाही. मुंबईच्या किती पारशी घराण्यांचं नशीब अफूच्या पेट्यांवर उभं राहिलं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. येताना जहाजातून रेशीम यायचं, चहा यायचा, चिनी मातीची भांडी यायची. त्यातच केव्हातरी ही बाई आली होती.

मी बोट केलं. त्याचा मला भयंकर अभिमान वाटला होता, म्हणून कसं केलं ते सांगते. शेड गाईड काढलं. त्यात सोळा दात पट्ट्यांवर लावलेले असतात, ए-वन पासून डी-फोर पर्यंत. उत्तरेकडच्या खिडकीत, ट्यूबलाइट बंद करून, एकेक पट्टी मूर्तीच्या गालाशी धरली. पाच सेकंद बघायचं, मग डोळे निळ्या कागदावर नेऊन विसावायचे, मग पुन्हा बघायचं, हा दातांच्या धंद्यातला नियम. सोळातली एकही पट्टी जुळेना. ए-वन जवळ येई, पण मूर्तीच्या पांढऱ्यात एक साईसारखी ऊब होती, उकळून निवलेल्या म्हशीच्या दुधासारखी. शेवटी तीन पावडरी मिसळून, चार वेळा भाजून, ती ऊब आणली. नखसुद्धा काढलं. मग मूर्तीच्या बोटाचं तुटकं टोक हिऱ्याच्या बरने घासून सपाट केलं. कॅप बसवण्याआधी डॉक्टर दात घासून घेतात ना, तसंच, म्हणजे नवा भाग नीट बसतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या दोन ट्यूबच्या डिंकाने चिकटवलं. बाईंनी चश्मा काढून, चश्मा घालून, मूर्ती उजेडात फिरवून पाहिली आणि कुठलं बोट तुटलं होतं ते त्यांना आठवेना. एका कॅपचे जेवढे पैसे होतात तेवढे त्यांनी मोजून दिले, वर रव्याचं एक पुडकं.

त्यानंतर वसाहतीतून माणसं येऊ लागली. कान तुटलेले कप, मान तुटलेली फुलदाणी, झाकण हरवलेली बरणी. २००३ साली मी दात सोडले आणि पूर्णवेळ हेच करू लागले. घरचे म्हणाले, लोकांना दात रोज लागतात, फुलदाण्या कोण जोडून घेणार? बरोबरच होतं त्यांचं. पहिली दोन वर्षं नवऱ्याच्या पगारावर निघाली.

हळूहळू कळत गेलं की त्या उबदार पांढऱ्याला स्वतःचं गाव आहे. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या फूजियान प्रांतात डोंगरांत वसलेलं देहुआ. (देहूशी काही संबंध नाही, पण मी गावाचं नाव घेतलं की आमच्या सासूबाई हात जोडायच्या.) तिथल्या मातीत लोखंड अगदी कमी, म्हणून ती भाजल्यावर पांढरी होते. काया आणि तिच्यावरची झिलई इतकी एकजीव होतात की तुटलेल्या कडेवर दोघींमधली रेघ शोधावी लागते. सतराव्या शतकात, मिंग घराण्याच्या अखेरच्या काळात, या मूर्तींनी कळस गाठला. त्या काळच्या पांढऱ्याला चिनी लोक हस्तिदंती म्हणतात आणि डुकराच्या चरबीचीही उपमा देतात. आपल्याला ती कशीशीच वाटते, पण निवलेली चरबी बघितलेल्या माणसाला ती चपखल आहे हे पटेल. पुढे अठराव्या शतकातला पांढरा थंड होत गेला, निळसर, नीळ देऊन धुतलेल्या कपड्यासारखा. फ्रेंचांनी या सगळ्याला ‘ब्लाँ द शीन’ म्हटलं, चीनचा पांढरा, आणि जगभरच्या लिलावांत तेच नाव रुळलं.

टॉर्च मागे धरून पाहणं हा माझा पहिला सोपस्कार. पातळ जागी, कानाच्या पाळीत, वस्त्राच्या काठात, उजेड आरपार येतो. जुन्या चांगल्या मूर्तीत तो गुलाबीकडे झुकतो, लहान मुलाच्या बोटांतून दिसतो तसा. पण टॉर्चवर भिस्त ठेवून चालत नाही. मूर्ती उलटी करून आत बघावं लागतं. जुन्या मूर्ती दोन साच्यांत माती बोटाने दाबून करत. पुढचा अर्धा भाग, मागचा अर्धा भाग, मग पातळ मातीने सांधायचे. डोकं, हात, बोटं वेगळी करून लावायची. त्यामुळे आतली बाजू ओबडधोबड असते, जाड असते, दाबलेल्या बोटांचे खळगे असतात. कधीकधी ठसासुद्धा. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणाचं तरी अंगठ्याचं वळण. आजकालच्या नकलांत पातळ माती साच्यात ओततात, साचा पाणी पितो, आणि आत बाहेरच्याच आकाराची गुळगुळीत प्रतिकृती तयार होते. बाहेर नाक, तर आत नाकाचा खड्डा. शिवाय जुन्या मूर्तीवरून साचा काढून नवी केली तर ती लहान होते, कारण माती पुन्हा आकसते. राक्षसाचा दात मला इथे कामी आला. जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्यात, १७१० नंतरच्या पहिल्या वर्षांत, सॅक्सनीच्या राज्यकर्त्याच्या संग्रहातल्या देहुआच्या मूर्तींवरूनच साचे काढून ग्वानयिन केल्या गेल्या. त्या मूळ मूर्तींहून अशाच आकसलेल्या.

लोक मात्र पाठीवरचा शिक्का आधी दाखवतात. ह चाओझोंग हा मिंग काळातला देहुआचा सर्वांत नावाजलेला मूर्तिकार. मूर्तीच्या पाठीवर, वस्त्राच्या घड्यांखाली, तो आपला शिक्का उमटवायचा. पुढे त्याच्या नावाचा शिक्का इतक्या जणांनी उमटवला आहे की माझ्याकडे आलेल्या शिक्क्यांच्या मूर्तींपैकी एकही त्याची असेल असं मला वाटलेलं नाही. एकाने नेटवरचा फोटो आणि मूर्तीची पाठ शेजारी धरून विचारलं, “सेम आहे ना?” सेम होतंच. तेच तर वाईट होतं. मी ओल्या कापसाचा बोळा पायाजवळ फिरवला, तर बोळ्यावर चहा आला. शब्दशः चहा, वासासकट. तीनशे वर्षांचा मळ म्हणून कुणीतरी चहाचं पाणी चोळलं होतं. ते गृहस्थ माझ्यावरच रागावून गेले.

या धंद्यात रागावून जाणारे पुष्कळ असतात. पुण्याहून दोन भाऊ आले होते. वडील गेल्यावर वाटणी चाललेली. वडिलांनी कुठल्याशा मोठ्या साहेबाकडून भेट मिळवलेली पांढरी मूर्ती, पायथ्यापासून मांडीपर्यंत तडा गेलेली. थोरल्याचं म्हणणं, धाकट्याच्या मुलाने क्रिकेट खेळताना पाडली. धाकट्याचं म्हणणं, थोरल्याच्या घरी नेली तेव्हा धड होती. खर्च कुणी द्यायचा हे माझ्या टेबलावर ठरणार होतं. मी भिंग लावलं. तड्याच्या कडा धारदार नव्हत्या. गोलसर होत्या, आणि झिलई त्या कडांवरून आत उतरली होती, दुधाची साय पातेल्याच्या काठावरून आत वळते तशी. म्हणजे तडा भट्टीत गेलेला. झिलई वितळलेली असताना तडा उघडा होता, म्हणून ती आत शिरली. बाहेर पडून फुटलेल्या तड्याची कड बोटाला टोचते, यात टोचण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, हा तडा मुंबई-पुण्यात गेलेलाच नाही, चीनमध्येच गेलाय, जन्मतःच आहे. दोघेही गप्प झाले. मला वाटलं, मिटलं. उठताना धाकटा थोरल्याला म्हणाला, “म्हणजे मुळात डागी मालच आपल्या नावावर काढत होतास तू.”

गोव्याची गोष्ट मी फार दिवस कुणाला सांगितली नव्हती.

साष्टीतल्या एका जुन्या घरातून एक मूर्ती आली. मांडीवर बाळ घेतलेली ग्वानयिन. चीनमध्ये हे तिचं एक प्रसिद्ध रूप आहे, मूल देणारी ग्वानयिन, मुलासाठी नवस करणाऱ्या बायकांची. गोव्यातल्या त्या घरात मात्र ती ओरेटरीत होती, मेणबत्त्यांशेजारी. घरातल्या आजी तिला सायबीण म्हणत, म्हणजे माता मारिया. चूक त्यांची म्हणता येणार नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात फूजियानच्या बंदरांत मनिलातल्या स्पॅनिश लोकांसाठी हस्तिदंती मारिया कोरल्या जात होत्या, आणि तिथल्या कारागिरांच्या हातात दोन्ही आया एकमेकींत मिसळल्या. जपानमध्ये तर ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यावर, १६१४ नंतर, लपून राहिलेले ख्रिस्ती या पांढऱ्या चिनी ग्वानयिनलाच मारिया मानून पुजत राहिले. नागासाकीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केलेल्या तसल्या मूर्ती आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर हात आवरला असता.

मूर्तीच्या घड्यांत काळपट चिकटा होता, धूप आणि मेणाचा. त्यात मध्येच लालसर ठिपके. बाळाच्या ओठांवर जरासा लाल, वस्त्राच्या काठाला कुठे पिवळसर चकचकीत कण. मला वाटलं घरातल्या कुणी पोरीने नेलपॉलिश लावलं असेल, किंवा कुंकू. सगळं काढलं. दोन दिवस बसून, बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून, आधी थुंकीने (हसू नका, थुंकी उत्तम साफ करते, मोठमोठ्या संग्रहालयांतही वापरतात), मग सॉल्व्हंटने. मूर्ती दुधासारखी पांढरी झाली. आजींनी फोनवर आशीर्वाद दिले.

वर्षभराने परदेशातून आलेल्या एका कॉन्झर्व्हेटरच्या कार्यशाळेला गेले होते. तिने पडद्यावर देहुआच्या मूर्तीच्या घडीचा मोठा करून काढलेला फोटो दाखवला. लाल ठिपका आणि सोन्याचा कण. यातल्या कितीतरी मूर्ती मुळात रंगवलेल्या असत, ती म्हणाली. भट्टीतून आल्यावर वरून लावलेला थंड रंग, न भाजलेला, म्हणून हात लागून लागून गेला. घड्यांत उरतो तेवढाच. मी ओळीत तिसरी बसले होते. मधल्या सुट्टीत चहा घेतला नाही.

माझ्या सायबिणीवरचा रंग देहुआचा होता, की गोव्यात कुणी पणजीने बाळ येशूचे ओठ रंगवले होते? दोन्ही शक्य होतं, आणि दोन्हींत मूर्तीचा एकेक जन्म होता. ते आता कळणार नाही, कारण ते सगळे बोळे मी कचऱ्यात टाकले होते. त्या दिवसापासून मी बोळे फेकत नाही. पाकिटात घालते, वर तारीख आणि जागा लिहिते. घरात आता पाकिटांचे सात डबे झालेत. कुणाच्या कामाला येतील देव जाणे.

मी त्या आजींना कळवलं नाही. कळवायला हवं होतं. दोन वर्षांनी त्या गेल्या.

चोर बाजाराचा एक शेठ तेव्हा मला नेमाने काम देई. मटन स्ट्रीटवर दुकान, बोलायला गोड, पैसे रोख. पहिल्याच दिवशी त्याने सांगून ठेवलं होतं, “मॅडम, काम किया ऐसा लगना नहीं मांगता.” मलाही तेच हवं होतं. दातांच्या धंद्यातून आलेल्या माणसाची सगळी कसोटीच ती असते. पेशंट हसला आणि कॅप कुठली ते कळलं नाही, म्हणजे काम झालं. त्याने एक उभी ग्वानयिन आणली, उजवा हात मनगटापासून गेलेला. देहुआचे मूर्तिकार हुशार, पुष्कळदा ग्वानयिनचे हात बाह्यांत नाहीतर वस्त्राखाली झाकूनच टाकतात, म्हणजे तुटायला काही राहत नाही. पण ज्यांनी हात बाहेर काढले त्यांनी बोटं इतकी नाजूक केलीत की जहाज, हमाल, मोलकरीण, मांजर यांतून धडपणे सुटलेल्या हातांबद्दल मला आधी शंकाच येते. मी तो हात केला. महिनाभर करत होते. करंगळी किंचित वर उचललेली, तळव्यावर रेषा. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम.

तीन महिन्यांनी एक गृहस्थ आले. मोठ्या कंपनीतून निवृत्त, नुकताच संग्रहाचा नाद लागलेला. खोक्यातून काढली तर माझीच ग्वानयिन. नुसती साफ करून हवी होती. ते मला तिचा उजवा हात दाखवत म्हणाले, “एवढ्या वर्षांत एक बोटसुद्धा तुटलेलं नाही, म्हणून तर किंमत.” किंमतही सांगितली. मी साफ करून दिली. साफ करण्याचे पैसे घेतले. त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही, हे लिहिताना आजही बरं वाटत नाही. शेठ फसवत होता हे उघड होतं, पण तो हात माझ्या बोटांनी वळला होता.

आठ दिवसांनी मी फोन केला आणि सांगितलं. पलीकडे खूप वेळ शांतता. मला वाटलं चिडतील, पोलिसांकडे जातील. ते म्हणाले, “आता हे आणखी कुणाला सांगू नका.” तेही विकणार होते तर!

शेठचं काम मी बंद केलं. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक कामात जोड दिसतो. हातभर अंतरावरून नाही दिसत, वीतभरावरून दिसतो. भरलेल्या भागाची झिलई किंचित मंद ठेवते, अतिनील दिव्याखाली तर तो लगेच वेगळा चमकतो. बिलावर आधीचा फोटो, नंतरचा फोटो, काय घातलं ते सगळं. डिंकही बदलला. दोन ट्यूबचा डिंक पक्का बसतो, पण पिवळा पडतो आणि सुटता सुटत नाही. आता बी-सेव्हन्टीटू नावाची राळ वापरते, अॅसिटोन लावला की उद्याच्या माणसाला ती उलगडता येते. निम्मी गिऱ्हाइकं यावरून गेली. जोड दिसणार असेल तर तुम्ही कशाला, असं म्हणून गेली, आणि त्यांच्या जागी तो सवाल काही चुकीचा नव्हता.

२०१४ साली मुलीने हट्टाने देहुआला नेलं. आधी किनाऱ्यावरच्या च्वानचौ शहरात दोन दिवस. हेच मार्को पोलोचं झैतून बंदर, त्याच्या काळात जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक. २०२१ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा म्हटलं त्यात देहुआच्या जुन्या भट्ट्याही धरल्यात. तिथल्या कायुआन देवळात, बुद्धाच्या मोठ्या मंदिराच्या मागच्या अंगाला, दोन खांब आहेत. तमिळ व्यापाऱ्यांनी तेराव्या शतकात बांधलेल्या शिवालयाचे, देऊळ मोडल्यावर इथे आणून लावलेले. खांबावर नरसिंह दिसला आणि मी ‘अगंबाई’ म्हणून ओरडले. शेजारी उदबत्त्या लावणाऱ्या बाईने दचकून पाहिलं. सागरी संग्रहालयात ह चाओझोंगची लाटांवर उभी असलेली ग्वानयिन पाहिली. वस्त्राच्या घड्या वाऱ्याने नव्हे, पाण्याने हलताहेत असं वाटलं. मी शेड गाईड नेलं होतं. काचेशी धरलं तेव्हा पहारेकरी जवळ येऊन उभा राहिला. मुंबईच्या संग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेल्या संग्रहातल्या चिनी पोर्सेलिनसमोरही माझ्यावर असाच संशय घेतला गेला होता. शिष्टाचार सगळीकडे सारखा.

लाटांवरच्या त्या ग्वानयिनसमोर उभी असताना मला कान्हेरी आठवली. शाळेची सहल, नव्वद क्रमांकाच्या लेण्यात मधोमध उभा अवलोकितेश्वर आणि दोन्ही बाजूंना छोटे छोटे चौकोन. साप, हत्ती, आग, चोर, बुडणारं जहाज. संकटातला माणूस हाक मारतो आणि तो धावून येतो. सोपाऱ्या-कल्याणच्या व्यापाऱ्यांना जहाजाचं भय काय ते माहीत होतं. कुमारजीव नावाच्या भिक्षूने ४०६ साली बौद्ध सूत्राचं चिनी भाषांतर केलं त्यात याच अवलोकितेश्वराचं नाव झालं ग्वानशियिन, जगाचा आक्रोश ऐकणारा. पुढच्या शतकांत चीनमध्ये तो हळूहळू बाई झाला. आमच्या ताडदेवच्या बाई विचारायच्या, हा देव की देवी? मी म्हणायचे, आपल्याकडून गेला तेव्हा देव होता.

देहुआ आता कारखान्यांचं गाव आहे. एका छोट्या कार्यशाळेत साठीच्या बाई बोटं वळत बसल्या होत्या. मातीची पुंगळी तळव्यावर फिरवायची, बांबूच्या पातीने पेरं दाबायची, नख एका टिचकीत. शेजारी ओल्या फडक्याखाली पन्नासेक बोटं झोपलेली. मी खुणेनं विचारलं, करून बघू? त्यांनी माती दिली. माझं बोट झालं, त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि पुन्हा गोळ्यात मिसळून टाकलं. माझी मुलगी इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं. मग त्यांनी माझा हात हातात घेऊन दाखवलं. मी टोकापासून जाड करत येत होते, कॅपसारखं. त्या मुळापासून निमुळतं करत नेत होत्या. त्यांचं बोट हातातून उगवत होतं, माझं हाताला लावलं जात होतं.

मागच्या पावसाळ्यात ताडदेवच्या बाईंची भाची आली. बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आता वसाहतीतलं घर रिकामं करायचं होतं. तिच्या हातात तोच टॉवेल असावा असं मला उगाच वाटलं. मूर्ती बाहेर आली. मी केलेलं बोट अजून तसंच होतं, ए-वनच्या आसपासचं, तीच साय. पण जोडावर पिवळी रेघ उमटली होती, डिंक पिकून झालेली. ग्वानयिनने सोन्याची बारीक अंगठी घातल्यासारखी.

“आन्टी, हे पण सापडलं,” म्हणून तिने होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली पुढे केली. आत शेंगदाण्याच्या फोलाएवढा पांढरा तुकडा. शोकेस विकायला काढली तेव्हा खालच्या फळीच्या फटीत होता. नख होतं. पेराची सुरकुती होती. देहुआच्या त्या बाईंसारखीच, एका टिचकीत काढलेली.

पिवळा डिंक मऊ करून सोडवायला दोन दिवस लागले. मग मी खरं टोक चिमट्यात धरून जागेवर टेकवलं. ते डुगडुगलं. तुकड्याच्या तुटक्या तोंडावर एक इवलासा उंचवटा होता. त्याला बसायला समोर एक खळगा हवा होता, आणि तिथे खळगा नव्हता. सपाट, गुळगुळीत, भिंगातून पाहिलं तर हिऱ्याच्या बरचे समांतर ओरखडे. १९९६चे. नवा भाग नीट बसावा म्हणून.

अर्धा मिलिमीटर. मी पुन्हा पुन्हा मोजलं.

फट राळेने भरली, रंग मूर्तीहून जराशी राखी छटा ठेवून. भाचीने भिंग मागून घेऊन पाहिलं आणि विचारलं, मधली ही रेघ कसली, तुकडा सापडला तरी रेघ का? मी तिला सगळं सांगितलं. बर, कॅप, सपाट करणं, रव्याचं पुडकं. तिने ऐकून घेतलं. टेबलावर माझं जुनं बोट पडलं होतं, ते तिने उचललं.

“हे मी नेऊ का?”

मी हो म्हटलं. तिने ते होमिओपॅथीच्या बाटलीत टाकलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली मूर्तीशेजारी टॉवेलात गुंडाळली.